हातोदचे रविवार

विमा कंपनीच्या ऑफिसात बसणारी, तिशी ओलांडलेली मुलगी एम.ए.ला नाव घालते, आणि तेही धर्म आणि दर्शन या विषयात, हे इंदूरमध्ये कुणाला पटकन समजावून सांगता येत नाही. ऑफिसातल्यांना वाटलं, प्रमोशनसाठी असेल. आईला वाटलं, लग्न टाळायला असेल. महूला आमच्या मोहल्ल्यातल्या एका काकूंनी तर सरळच विचारलं, "मग तू आता भिक्खुणी होणार काय?"

"नाही काकू, फक्त शिकणार," मी म्हणाले. त्यांचं समाधान झालं नाही.

कारण अगदी घरातलं होतं. माझे आजोबा फौजेत होते, वडील महूच्या छावणीत लष्करी ऑफिसात कारकून. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला आणि वडिलांच्या पिढीनं तो पाठ केला. वडील रोज संध्याकाळी पाली वंदना म्हणायचे. त्यांचा आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. त्यामुळे मोहल्ल्यात लग्न असो, बारसं असो की मयत, बोलावणं त्यांनाच यायचं. लहानपणी मी अर्थ विचारला की म्हणायचे, "थोडा थोडा माहीत आहे गं. पूर्ण सांगणारा कोणी भेटला नाही." त्यात तक्रार नसायची. पण ते 'थोडा थोडा' मला टोचायचं, आणि वय वाढलं तसं जास्तच टोचायला लागलं.

युनिव्हर्सिटीत हे वर्ग दुपारी उशिरा भरायचे. ऑफिसातून लवकर सुटायची परवानगी मी कशीबशी मिळवली होती. पाली आणि प्राकृत शिकवायला एक वयस्कर सर होते. इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, आणि सर मात्र सायकललासुद्धा घाबरायचे. प्रवेशाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "पाली कशाला शिकायची आहे?"

मी वडिलांचं सांगितलं.

"आणि अर्थ कळल्यावर वंदना म्हणणंच सोडून दिलंत तर?"

"माहीत नाही, सर."

"हे उत्तर चालेल," असं म्हणून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

वर्गात आम्ही मोजकेच होतो. कुणी नेटची परीक्षा द्यायला आलेलं, कुणी नुसत्या डिग्रीसाठी. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर एक पाली शब्द लिहिला आणि विचारलं, "याला प्राकृतात काय म्हणतील?" माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं न थांबता सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर. या दोन सख्ख्या बहिणी आहेत. फक्त सासरं वेगळी." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग आपण दोघी एकाच बेंचवर बसली, ते बरोबर झालं."

मराठी ऐकून मी चमकलेच. ती जैन होती, मल्हारगंजची. वडिलांचं आणि भावांचं सियागंजमध्ये जिऱ्या-हळदीचं होलसेल. पण त्यांच्या खालच्या मजल्यावर मराठी भाडेकरू राहायचे, आणि त्यांच्या मुलींशी खेळता खेळता ती मराठी शिकली होती. व्याकरण अर्धं आमचं, अर्धं हिंदीचं. माझ्यासारख्या महूच्या मुलीलाही ते ऐकून हसू यायचं, आणि आमचं मराठी तरी कुठं पुण्याचं होतं!

"तू कशासाठी आली?" तिनं विचारलं. मी वडिलांची गोष्ट सांगितली. तिनं कपाळावर हात मारला. "आमच्यात पण सेम आहे, यार. प्रतिक्रमण असतं ना आमचं, आपल्या चुकांची माफी मागायचं, ते पूर्ण प्राकृतात. सगळे इतक्या स्पीडमध्ये म्हणतात की माफी कोणी मागितली, कशाची मागितली, देवाला पण नसेल समजत." मग स्वतःच थांबून म्हणाली, "म्हणजे तसा देव नाही मानत आम्ही. तुम्ही पण नाही मानत ना?"

"नाही."

"मग हे चांगलं आहे. दोघी बिना देवाच्या, आणि आल्या धर्म शिकायला."

असं आमचं सुरू झालं.

ती सूर्य मावळल्यावर काही खायची नाही, पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यात त्याचं काही वाटायचं नाही, पण थंडी आली तशी पंचाईत झाली. वर्ग सुटायचा तेव्हा सूर्य पार खाली आलेला असायचा. तिला न्यायला येणारा भाऊ दुकानातून निघता निघता उशीर करायचा. एके दिवशी मी म्हणाले, "बस मागं, मी सोडते." तेव्हापासून ते रोजचंच झालं. भंवरकुआंवरून निघायचं, टॉवर चौराहा, महूनाका, गंगवाल, राजमोहल्ला आणि मग मल्हारगंजच्या गल्ल्या. मी समोरच्या गाड्या बघायची आणि ती मागं बसून पश्चिमेकडे बघायची. बिल्डिंगांच्या फटींतून सूर्य दिसला की ओरडायची, "आहे, आहे, अजून आहे!" मी आणखी जोरात स्कूटर पळवायची. सिग्नलवरचे इंदुरी 'भिया', म्हणजे भैया लोक आमच्याकडे वळून बघायचे. पोचलो की ती धावत जिना चढायची आणि वरून तिच्या मम्मीचा आवाज यायचा, "आ गई? थाली लगी है!"

पण कधीकधी महूनाक्यालाच ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. "गेला. आता आराम से चल."

मग आम्ही आरामात जायचो. मला ते दिवस जास्त आवडायचे. तिला सकाळपर्यंत उपाशी राहायचं आहे हे माहीत असूनसुद्धा आवडायचे. घाई संपलेली असायची आणि बोलायला रस्ता मोकळा असायचा. ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी कुणाला चिंता नसायची.

"उपाशी राहशील ना?" मी विचारायची.

"एका रात्रीने काय होतं? तू हे सांग, तुमच्यात आत्मा नाही म्हणतात. तर मग दुःख कोणाला होतं?"

"दुःख होतं. 'कोणाला' असं काही नसतं."

"आणि आत्ता त्या टेम्पोवाल्याला शिव्या कोणी दिल्या?"

"शिव्या दिल्या गेल्या," मी म्हणायची, आणि ती इतकी हसायची की स्कूटर डगमगायची. आत्म्याच्या बाबतीत आम्ही शेवटपर्यंत एकमेकींना पटवू शकलो नाही. तिच्या म्हणण्यानं आत्मा दिव्यासारखा आत होताच, वर काजळी धरली होती एवढंच. मी म्हणायची, काजळी पुसत पुसत गेलीस आणि आत दिवा नसलाच तर? ती म्हणायची, "तर अंधारात तू स्कूटर चालव, मी मागं बसते."

एकदा तिनं मला वर नेलं. तिच्या मम्मीनं चहा ठेवला आणि प्रेमानं विचारलं, "कौन-से मराठी हो बेटा? ब्राह्मण?"

"नहीं आंटी, हम बौद्ध हैं. महू के."

मम्मी एक क्षणभर थांबल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, चाय उबल रही है." चहा आला. कप सगळ्यांसारखाच होता. मी तो नीट बघून घेतला. अशा वेळी आमच्याकडचे लोक बघतातच. तिनं मला बघताना बघितलं. जिना उतरताना एवढंच म्हणाली, "कप बघत जाऊ नको. मला लाज वाटते."

मग एका सुट्टीच्या दिवशी तीच महूला आमच्या घरी आली. आईची आदल्या दिवसापासून धांदल. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही, मग करायचं काय? शेवटी मुगाचं वरण, भेंडी आणि ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. पाणी उकळून गार करून वेगळ्या भांड्यात झाकून ठेवलं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ही मुलगी आपल्या घरात जेवते की काहीतरी कारण सांगून उठते, हे त्यांना बघायचं होतं, हे मला कळत होतं. तिलाही कळलं असणार. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, आणि जेवण झाल्यावर ताटात पाणी घालून ते धुऊन प्यायली. आई घाबरलीच. "अगं, असं काय करते?" ती म्हणाली, "आमच्यात अन्न वाया नाही घालवत, आंटी." वडील संध्याकाळी आपणहून म्हणाले, "चला, विहारात जाऊ. हिला आपली वंदना ऐकवू."

विहारात वडिलांनी वंदना म्हटली आणि मग आम्ही तिघं बाहेर ओट्यावर बसलो. वडील एकेक ओळ म्हणायचे, मी अर्थ सांगायची, आणि ती मध्येच उडी मारायची, "हा शब्द आमच्यात पण आहे!" मयतीच्या वेळी म्हणायच्या ओळींपाशी आलो तेव्हा वडिलांनी चष्मा काढला. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे हे गेलेल्या माणसासाठी नाही?"

"नाही बाबा. मागं राहिलेल्यांना सांगितलंय."

"आणि मी इतकी वर्षं मयताकडे तोंड करून म्हणतोय." त्यानंतर वडील मयतीच्या वेळी घरच्या माणसांकडे वळून म्हणायला लागले. सावकाश, एकेक शब्द सुटा करत. लोकांना आधी विचित्र वाटलं, मग सवय झाली. त्या संध्याकाळी तिला परत सोडताना सूर्य वाटेत राऊलाच बुडाला. खंडव्यापासून इंदूरपर्यंत दिवे लागले होते जणू, इतका रस्ता उजळलेला. ती म्हणाली, "तुझे पप्पा किती खूश झाले. माझ्या पप्पांना मी असं खूश नाही करू शकणार." मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, दुकानाचं काहीतरी असेल.

दुसरं वर्ष सुरू झालं. दिवाळीनंतरची गोष्ट. कँटीनमध्ये मी पोहे खात होते. ती आताशा बाहेरचं काहीच खात नव्हती, नुसती बसून राहायची.

"घरून आज्ञा मिळाली," ती म्हणाली.

"कसली?"

"दीक्षेची."

मी चमचा खाली ठेवला. तिच्या समाजात मुली दीक्षा घेऊन साध्वी होतात हे मला माहीत होतं. पुस्तकात तो सगळा भाग आम्ही एकत्र वाचला होता. घर सोडायचं, नाव सोडायचं, केस हातानं उपटून काढायचे, आयुष्यभर अनवाणी चालायचं, गाडीत पाय ठेवायचा नाही, फोनला हात लावायचा नाही. पण पुस्तकातल्या त्या बाया होत्या. ही माझ्या स्कूटरवर मागं बसणारी होती.

"हे कधी ठरलं?"

"आधीचंच आहे. कॉलेजपासून. पप्पा हो म्हणत नव्हते. म्हणाले, आधी एम.ए. कर, तोपर्यंत मन बदललं तर बदललं." ती टेबलावरचा पाण्याचा डाग बोटानं पुसत राहिली. "नाही बदललं."

"निदान डिग्री तर पूर्ण कर! एकच तर सेमिस्टर उरलंय."

"डिग्रीचं काय करू?"

"मग आपण हे सगळं वाचलं कशासाठी?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू वाचते ते समजायला. मी वाचली ते ठरवायला." मग जरा मऊ आवाजात, "तुला सांगायचं होतं. किती वेळा स्कूटरवर तोंडापर्यंत आलं. पण तू इतकी हसत असायची."

त्या दिवशी वर्गानंतर तिनं सरांना सांगितलं. सर खडू हातात धरून उभे राहिले. "शेवटचे पेपर?"

"नाही देणार, सर."

"ठीक आहे. पण प्राकृत सोडू नकोस."

"तेच तर एक नाही सोडणार, सर."

सर हसले, आणि मग फळा पुसायला वळले. तो आधीच पुसलेला होता.

दीक्षेच्या आदल्या दिवशी मल्हारगंजातून मिरवणूक निघाली. तिला नवरीसारखं नटवून बग्गीत बसवलं होतं, हातांवर कोपरापर्यंत मेंदी. ती दोन्ही हातांनी बदाम आणि लवंगा उधळत होती आणि लोक ते झेलायला धडपडत होते. बँड इतक्या जोरात वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी गर्दीतून बग्गीच्या बाजूनं चालत होते. एका अरुंद वळणावर बग्गी थांबली. तिनं मला पाहिलं, खाली वाकली आणि विचारलं, "जेवली का?"

मी मान हलवली. "खोटं बोलते," ती म्हणाली, आणि बग्गी पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मांडवात ती दागिन्यांसकट आत गेली आणि पांढऱ्या वस्त्रांत बाहेर आली. डोक्यावरचे केस उतरवलेले, तोंडावर पांढरी पट्टी बांधलेली. गुरुणीजींनी तिचं नवं नाव पुकारलं. सगळा मांडव जयजयकार करत उठला. तिच्या मम्मी रडत होत्या आणि त्याच वेळी टाळ्याही वाजवत होत्या. मी मागच्या रांगेत उभी होते. तिचं जुनं नाव मला मोठ्यानं एकदा उच्चारून बघायचं होतं. तिथं ते कुणाचंच नव्हतं.

शेवटचं सेमिस्टर मी एकटीनं केलं. म्हणजे वर्गात बाकीचे होते, पण बेंचवर मी एकटीच. एके दिवशी सरांनी तृष्णेवरचा पाठ घेतला. फळ्यावर लिहिलं: तृष्णा. त्याच्याखाली पाली: तण्हा. "प्राकृतातही तण्हाच," ते म्हणाले, "आणि आपल्याकडे येता येता तिची झाली तहान. बघा, भगवंतांनी दुःखाचं मूळ म्हणून जो शब्द धरला, तो आपण पाण्याच्या पेल्यापाशी वापरतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिच्यावर उपाय काय सांगितलाय?" मला उत्तर येत होतं. आठही अंगं क्रमानं येत होती. पण मी म्हणाले, "सर, आज नको." सरांनी दुसऱ्याला विचारलं.

वर्ग सुटल्यावर महूनाक्यापर्यंत स्कूटर सवयीनं मल्हारगंजच्या बाजूनंच जायची. माझी खोली अन्नपूर्णा मंदिराच्या मागं होती, म्हणजे वाट थोडीफार तीच. पण तिथून पुढं गंगवालकडे वळायचं काही कारण नसायचं. मी पेपर दिले, पास झाले, बरे मार्क मिळाले. वडिलांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. मला ज्या एका माणसाला सांगायचं होतं, ते कुठं चालत असेल हे मला माहीत नव्हतं.

पावसाळ्यात राजमोहल्ल्याला भाजी घेताना तिच्या मम्मी भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "अरे, हातोद में ही तो विराज रहे हैं महासतीजी! इस बार वहीं चातुर्मास है. मिल आओ ना बेटा. तुमको पूछ रहे थे."

पावसाचे चार महिने साध्वी चालत नाहीत, एकाच गावी राहतात. पण माझ्या कानात दोनच गोष्टी राहिल्या. एक म्हणजे, आपल्या पोटच्या मुलीला त्या 'रहे हैं' म्हणत होत्या. दुसरी म्हणजे, 'पूछ रहे थे'.

रविवारी मी इंदूरबाहेरच्या हातोदला गेले. बाजारातून आत स्थानकाची इमारत होती, साध्वींच्या उतरण्याची जागा. वरच्या हॉलमध्ये जमिनीवर बायका बसलेल्या, पंखे नाहीत, दिवे नाहीत, नुसता खिडक्यांचा उजेड. ती कोपऱ्यात बसून काहीतरी पाठ करत होती. वाळली होती. डोक्यावर केसांची खुंटं उगवलेली. मी हात जोडून, मान वाकवून म्हणाले, "मत्थएण वंदामि." मस्तक टेकवून वंदन करते. कधीकाळी वर्गात या दोन शब्दांची रूपं मी तिलाच समजावली होती.

"दया पालो," ती म्हणाली. साध्वी सगळ्यांनाच हे उत्तर देतात. आणि मग, "आपकी परीक्षा हो गई?"

ते 'आपकी' ऐकून मी पट्टीच्या वरचे डोळे बघत राहिले. डोळे तेच होते.

मोठ्या साध्वींनी मी कोण म्हणून विचारलं. "गृहस्थ अवस्था में साथ पढ़ते थे," तिनं सांगितलं. "पाली-प्राकृत में इनका बहुत अच्छा है." मोठ्या साध्वींना हे ऐकून आनंद झाला. लहान साध्वींना प्राकृत शिकवायला इंदूरहून एक पंडितजी यायचे, ते आजारी पडले होते. "आप आ सकोगी? रविवार-रविवार?"

मी हो म्हणाले. विचार करायला वेळ मागायलाही घाबरले.

असे माझे हातोदचे रविवार सुरू झाले. समोर तीन लहान साध्वी बसायच्या, त्यांतली एक ती. मी व्याकरण सांगायची, त्या म्हणून दाखवायच्या. सरांना फोन करून मी अडलेलं विचारून ठेवायची. सर खूश होते. "म्हणजे तिनं माझं ऐकलं तर," म्हणायचे. शिकताना ती पूर्वीसारखीच मध्येच प्रश्न टाकायची, फक्त आता 'आप' आणि 'कृपया' लावून. मी उत्तर देताना तिच्याकडे न बघता तिघींकडे मिळून बघायला शिकले. सहा दिवस ऑफिसात क्लेम निपटवायची आणि सातव्या दिवशी ढग अंगावर घेत हातोदच्या रस्त्याला लागायची. सोयाबीनची शेतं दोन्ही बाजूंनी हिरवीगार असायची. जाताना वाटायचं, आज काहीतरी बोलणं होईल. येताना वाटायचं, पुढच्या रविवारी होईल.

बोलणं एकदाच झालं. मोठ्या साध्वी आडव्या पडल्या होत्या, एक साध्वी गोचरीला, म्हणजे घरोघरी जेवण आणायला गेली होती. दुसरी आमच्याजवळच बसून वस्त्र शिवत होती. बाहेरच्या माणसाबरोबर त्या कधी एकट्या बसत नाहीत. पुस्तकातून मान वर न काढता ती मराठीत म्हणाली, "वाळली तू."

"तू पण," मी म्हणाले, आणि जीभ चावली. शिवणाऱ्या साध्वीला मराठी येत नव्हतं. पट्टीच्या वरचे डोळे हसले.

मी विचारलं, "आठवण येते?"

"येते. मग गुरुणीजींना सांगते आणि प्रायश्चित्त घेते."

"माझ्या आठवणीचं प्रायश्चित्त?"

"आठवणीचं नाही. तिला धरून बसली, त्याचं." तिनं पान उलटलं. "तुमच्यात काय करतात?"

"बघत राहायचं. आली, आहे, गेली."

"जाते?"

"नाही," मी म्हणाले.

नंतर तिनं हलकेच एक प्राकृत क्रियापद विचारलं, आणि मी त्याची सगळी रूपं सांगितली. गोचरीची साध्वी जिना चढून आली. बस, एवढंच.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा विहार होता, म्हणजे पायी पुढच्या गावी निघायचं होतं. सकाळी गावातले लोक त्यांना पोचवायला देपालपूरच्या रस्त्यानं निघाले. मीही ऑफिसची रजा टाकून गेले. शेतं मोकळी झाली होती, गव्हाची पेरणी चालू होती. साध्वी अनवाणी, खाली बघत, पावलापुढची जमीन निरखत चालत होत्या. कुठं मुंगी असेल, किडा असेल. थंडीनं तिच्या टाचा फुटलेल्या दिसत होत्या. मी बायकांच्या घोळक्यात तिच्या बरीच मागं होते.

पुढच्या गावाच्या अलीकडे सगळे थांबले. मोठ्या साध्वींनी मांगलिक म्हटलं, म्हणजे निरोपाचा पाठ. लोकांनी वंदन केलं. एकेका बाईकडे बघत साध्वी 'दया पालो' म्हणत होत्या. माझी पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "पढ़ाना मत छोड़ना." मग त्या चालू लागल्या. तिनं मागं वळून पाहिलं नाही. यात रागवण्यासारखं काही नाही, खाली जमीन बघत चालणाऱ्याला मागं वळायची सोयच नसते. तरी मी, पांढरे ठिपके वळणाआड जाईपर्यंत, वाट बघत उभी राहिले. सोबतच्या एका बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "रिश्तेदार हो क्या उनकी?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, मला आता आठवत नाही.

याला काही वर्षं झाली. सर रिटायर होऊन मुलाकडे गेले. त्यांच्या सांगण्यावरून डिपार्टमेंटनं मला शनिवारचा पालीचा एक वर्ग दिला. तुटपुंजा असतो, पण असतो. कधी कुणी एखादी मुलगी वर्ग सुटताना खिडकीतून आभाळाकडे बघते आणि माझं वाक्य अर्धं राहतं. तिला बहुतेक बस गाठायची असते.

तिची बातमी तिच्या मम्मींकडून कळते. कधी रतलामला, कधी जावऱ्याला, कधी थेट मेवाडात. आता ती स्वतःच लहान साध्वींना प्राकृत शिकवते म्हणे. यंदा चातुर्मास राजस्थानात एका छोट्या गावी आहे. मागच्या आठवड्यात मम्मींचा फोन आला. "गाडी कर रहे हैं दर्शन के लिए. एक सीट है. चलोगी?" आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी काय काय सोबत घ्यायचं ते सांगायला सुरुवात केली: गरम शाल, सुती कपडे, आणि महासतीजींच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना लागत असेल तर व्याकरणाचं एखादं पुस्तक.

दुसऱ्या दिवशी मी रजा मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "राजस्थानात? कुणाकडे, नातेवाइकांकडे?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीकडे," मी म्हणाले.

"बरीच लांब दिली तिला," साहेब म्हणाले, आणि रजा मंजूर केली.